भोळेपणाचे मोल

१

मराठीत 'भोळा' या शब्दाचे वजन तो कोणाला लावला आहे यावर ठरते. शंकराला लावला तर ती स्तुती होते, शेजाऱ्याला लावला तर कीव होते, आणि व्यवहारात फसलेल्या माणसाने स्वतःलाच लावून घेतला तर तो एक बचाव ठरतो. 'साधा', 'भाबडा', 'अजाण', 'भोळसट', 'बावळट' असे या शब्दाचे अनेक सोयरे आहेत. त्यांतला प्रत्येकजण स्तुतीकडून निंदेकडे जाणाऱ्या वाटेवर कुठे ना कुठे उभा आहे. पण या सर्व शब्दांच्या मुळाशी एक समजूत समान आहे. भोळेपणा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे, तो जन्मजात असतो, आणि म्हणून त्याच्याबद्दल फार तर हळहळावे किंवा हसावे, अशी ती समजूत होय.

वाङ्मयसमीक्षेनेही ही समजूत बहुधा निमूटपणे स्वीकारली आहे. एखादी व्यक्तिरेखा भोळी आहे असे म्हटले की तिचे वर्णन पुरे झाले असे समीक्षकाला वाटते. ती भोळी कोणी ठेवली, तिच्या भोळेपणावर कोणाचा संसार चालला, आणि अखेरीस त्या भोळेपणाचे मोल कोणाच्या पदरातून गेले, हे प्रश्न मग समाजशास्त्राचे म्हणून बाजूला सारले जातात. वस्तुतः हे प्रश्न कलाकृतीच्या बाहेरचे नाहीत. ज्या मोजक्या कलाकृतींनी भोळेपणाचा गांभीर्याने विचार केला, त्यांची रचनाच या प्रश्नांतून सिद्ध झालेली आहे. जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' (१८५५), फकीरमोहन सेनापती यांची ओडिया कादंबरी 'छ माण आठ गुंठ' आणि ग्रॅहॅम ग्रीन यांची 'द क्वाएट अमेरिकन' (१९५५) या तीन कलाकृती एकापुढे एक ठेवून वाचल्या म्हणजे हे ध्यानात येते. त्यांचे देश, भाषा आणि काळ निराळे आहेत, आणि एकीचा दुसरीवर प्रभाव पडला असे सुचवण्याचाही येथे हेतू नाही. तिन्हींत एक घटना मात्र समान आहे. कोणीतरी अधिकारवाणीने बोलतो, दुसरा कोणीतरी त्या वाणीवर विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाची किंमत चुकती करावी लागते. ती कोण चुकती करतो, एवढाच तिन्ही कलाकृतींमधला महत्त्वाचा फरक आहे.

भोळेपणाची चिकित्सा म्हणजे श्रद्धेवर हल्ला, असा एक आक्षेप अशा विवेचनावर नेहमी घेतला जातो, म्हणून त्याचा निर्वाळा आधीच केलेला बरा. ज्या वारकरी परंपरेने भावाला सर्वोच्च स्थान दिले, त्याच परंपरेतील तुकोबांनी नवसापोटी संतती मागणाऱ्यांची रोखठोक हजेरी घेतली आहे. भाव आणि भाबडेपणा यांतील सीमारेषा मराठी मनाला नवी नाही. भावात माणूस स्वतःचे काही देऊन टाकतो आणि त्याची त्याला जाणीव असते. भाबडेपणात ते त्याच्याकडून काढून घेतले जाते आणि त्याची त्याला जाणीव नसते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

२

'तृतीय रत्न' हे नाटक फुल्यांनी १८५५ साली पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले, आणि कमिटीने ते स्वीकारले नाही. त्यानंतर सव्वाशे वर्षे लोटत आली तेव्हा कुठे ते छापून वाचकांपुढे आले. म्हणजे मराठी नाट्यवाङ्मयाचा जो इतिहास दरम्यानच्या काळात लिहिला गेला, त्याला या नाटकाचा विचार करण्याचा प्रसंगच आला नाही. कथानक अगदी साधे आहे. नवरा घरी नसताना एक जोशी एका गरोदर कुणबी स्त्रीच्या दारी येतो, पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे असे सांगतो, आणि त्या पीडेच्या परिहारासाठी अनुष्ठान व ब्राह्मणभोजन यांच्या निमित्ताने त्या गरीब जोडप्याचा पैसा काढून घेतो. पुढे एका पाद्र्याशी झालेल्या संवादातून त्या जोडप्याचे डोळे उघडतात, आणि जोतीराव व सावित्रीबाई यांनी चालवलेल्या रात्रशाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करून दोघे नाटक संपवतात.

या नाटकात प्रचार आहे हे उघड आहे, आणि फुल्यांना ते लपवायचेही नव्हते. परंतु प्रचार म्हणून ते बाजूला ठेवणाऱ्या वाचकाच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. जोशाची फसवणूक एका क्षणात घडत नाही. ती पायरीपायरीने घडते, आणि प्रत्येक पायरी संवादातून रचलेली आहे. आधी तो दारात उभा राहतो, मग बोलण्याला तोंड फोडतो, मग भीतीचे बी पेरतो, आणि ते रुजले आहे असे दिसल्यावरच उपाय सांगतो. भय आणि उपाय ही दोन्ही एकाच दुकानातली आहेत हे त्या बाईला दिसत नाही. कारण भय पोटातल्या मुलाविषयीचे आहे, आणि त्या भयापुढे हिशेब करणे तिला पाप वाटते. येथे फुल्यांनी एक खोल गोष्ट हेरली आहे. माणूस आपल्या दुर्गुणांमुळे फसतो त्याहून कितीतरी अधिक वेळा तो आपल्या सद्गुणांमुळे फसतो. त्या कुणबिणीला फसवले ते तिच्या मातृत्वाने. जोशी केवळ त्या मातृत्वाचा भाव ठरवतो.

नाटकातील विदूषकाची योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो आणि राजाला हसवतो. फुल्यांचा विदूषक मात्र प्रेक्षकाचा मित्र आहे. जोशी बोलत असताना तो मधूनमधून टोमणे मारतो, आणि जोशाचा शब्द व त्याचा हेतू यांत किती अंतर आहे ते दाखवून देतो. रंगमंचावरील स्त्रीला हे टोमणे उपयोगी पडत नाहीत, ती फसतेच. पण प्रेक्षक त्यामुळे एकाच वेळी दोन आवाज ऐकायला शिकतो. रात्रशाळा नाटकाच्या शेवटी येते असे दिसते. वस्तुतः ती विदूषकाच्या पहिल्या टोमण्याबरोबरच सुरू झालेली असते.

३

फुल्यांच्या नाटकानंतर चार दशकांनी ओडिशात फकीरमोहन सेनापती (१८४३–१९१८) यांनी ही विद्या कादंबरीच्या क्षेत्रात फार पुढे नेली. 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी 'उत्कल साहित्य' या मासिकातून १८९७ ते १८९९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०२ साली पुस्तकरूपाने आली. शीर्षकातच जमिनीचे माप आहे. ओडिशात २५ गुंठ्यांचा एक माण, आणि माण म्हणजे सुमारे एक एकर. म्हणून २००५ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे नाव 'सहा एकर आणि एक तृतीयांश' अशा अर्थाचे आहे. एकरात ४० गुंठे मोजणाऱ्या मराठी वाचकाने हा हिशेब डोळ्यांआड करता कामा नये. शब्द ओळखीचा आहे म्हणून मापही ओळखीचे असेल असे धरून चालणे, हाही भाबडेपणाचाच एक प्रकार आहे, आणि भाषांतरकाराला तो वारंवार भोवतो.

भगिया आणि सारिया हे विणकर जोडपे. पदरी थोडी चांगली जमीन, नेता नावाची एक गाय, आणि मूलबाळ नाही. रामचंद्र मंगराज या जमीनदाराचा त्या जमिनीवर डोळा आहे. त्याची हस्तक चंपा सारियाच्या मनातली अपत्याची आस जागी करते, तिला ग्रामदेवता बूढी मंगलेच्या पायाशी नेते, आणि देवीच्या ठाण्याआड दडलेल्या माणसाच्या तोंडून देवी 'बोलते': माझे देऊळ बांधा, तुमचे कल्याण होईल. देऊळ बांधायचे म्हणजे पैसा हवा, पैसा हवा म्हणजे जमीन गहाण टाकायची, आणि गहाण टाकायची ती अर्थातच मंगराजाकडे. पुढे जमीन जाते, गाय जाते, भगियाला वेड लागते, आणि सारिया मंगराजाच्या घरामागे अन्नावाचून प्राण सोडते.

फुल्यांच्या नाटकात भय होते, येथे आस आहे. पण सेनापतींनी या फसवणुकीत एक नवी गोष्ट दाखवली, आणि ती आधुनिक व्यवहाराच्या गाभ्याला हात घालते. या फसवणुकीचे दोन भाग आहेत. देवीचा आवाज हा पहिला भाग. तो उघडउघड खोटा आहे. गहाणखत हा दुसरा भाग; ते कायद्याच्या दृष्टीने अगदी खरे आहे. पहिल्या भागाची नोंद कुठल्याही दफ्तरात नाही, आणि दुसरा भाग मात्र कागदावर पक्का आहे. फसलेल्या माणसाची सारी हकीकत पहिल्या भागात असते आणि न्यायालय वाचते दुसरा भाग. जुन्या देवतेवरचा विश्वास आणि नव्या कायद्याविषयीचे अज्ञान या दोहोंच्या सांध्यावर मंगराज उभा आहे. केवळ श्रद्धाळू माणसाला किंवा केवळ अडाणी माणसाला एवढ्या सफाईने लुटता आले नसते. दोन काळांच्या मध्ये सापडलेला माणूस सर्वांत सहज लुटला जातो, हे सेनापतींचे निरीक्षण आहे.

या कादंबरीचे खरे वैशिष्ट्य मात्र कथानकात नसून निवेदनात आहे. निवेदक स्वतः भोळेपणाचे सोंग घेतो. मंगराज किती धार्मिक आहे हे तो मोठ्या आदराने सांगतो. वर्षाच्या सगळ्या एकादश्या तो पाळतो, पाणी आणि तुळशीपत्र यांखेरीज काही घेत नाही. लगेच, जणू सहज आठवले म्हणून, तो मंगराजाच्या न्हाव्याचे म्हणणे नोंदवतो. एकादशीच्या रात्री धन्याच्या झोपण्याच्या खोलीत दुधाचे मोठे भांडे, केळी आणि इतर फराळ ठेवलेला असतो, आणि सकाळी ते भांडे रिकामे सापडते. मग निवेदक न्यायशास्त्रातील पंडिताचा आव आणून मंगराजाच्या बाजूने युक्तिवाद करू लागतो, आणि प्रत्येक युक्तिवादागणिक मंगराज अधिक उघडा पडत जातो. वाचकाला हसू येते, पण त्या हसण्यात त्याच्याकडून काम करून घेतलेले असते. स्तुती ऐकावी आणि तिच्यातून वस्तुस्थिती काढावी, हे काम निवेदक न सांगता वाचकावर सोपवतो.

ज्या कादंबरीत खऱ्या भोळेपणाने एका जोडप्याचा सर्वनाश होतो, त्याच कादंबरीत भोळेपणाचे सोंग हे ज्ञानाचे साधन बनते. सारियाने जो आवाज ऐकला आणि मानला, तशाच एका आवाजावर, म्हणजे निवेदकाच्या आवाजावर, विश्वास न ठेवण्याची सवय वाचकाला पहिल्या पानापासून लावली जाते. ठाण्याआडून देवी बोलू लागेपर्यंत वाचक या कामात तरबेज झालेला असतो. त्यामुळे सारिया फसते तेव्हा वाचक तिला हसत नाही. ही विद्या आपल्याला कोणीतरी शिकवली आणि तिला शिकवणारे कोणी नव्हते, एवढाच आपल्यात आणि तिच्यात भेद आहे, याची टोचणी त्याला लागते. उपहासातून करुणा निर्माण करणे हे सेनापतींचे यश आहे, आणि भारतीय कादंबरीत ते फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

कादंबरीच्या अखेरीस मंगराज तुरुंगात जातो, त्याची मालमत्ता एका वकिलाच्या हाती पडते, आणि गावकरी आपसात बोलतात ते असे की, धनी कोणीही आला तरी आपली स्थिती बदलणार नाही. या गावकऱ्यांना भोळे म्हणता येणार नाही. त्यांना सर्व काही कळते. पण कळून उपयोग करावा एवढे बळ त्यांच्यापाशी नाही. भोळेपणा गेला म्हणजे दैन्य गेले अशी जर कोणाची समजूत असेल, तर तीही सेनापतींनी शिल्लक ठेवलेली नाही.

४

भगिया आणि सारिया यांच्या भोळेपणाचे मोल त्यांनी स्वतः दिले. पण भोळा माणूस जर बलाढ्य असेल तर? हा प्रश्न ग्रॅहॅम ग्रीन यांच्या कादंबरीचा विषय आहे. स्थळ फ्रेंचांच्या ताब्यातले, युद्धाने पोळलेले व्हिएतनाम. पाइल हा तरुण अमेरिकन आर्थिक साहाय्य पथकाचा कर्मचारी म्हणून सायगावला येतो. तो सभ्य आहे, प्रामाणिक आहे, स्वतःसाठी त्याला काही नको आहे. निवेदक फाउलर हा इंग्रज वार्ताहर. त्याची प्रेयसी फुओंग हिच्यावर आपले प्रेम बसले आहे हे फाउलरला आधी सांगणे योग्य, एवढ्यासाठी पाइल जीव धोक्यात घालून रात्री नावेतून युद्धक्षेत्रात येतो. असा हा माणूस यॉर्क हार्डिंग नावाच्या लेखकाची पुस्तके वाचून आलेला आहे. वसाहतवाद आणि साम्यवाद या दोहोंहून निराळी अशी एक 'तिसरी शक्ती' पूर्वेकडच्या देशांत उभी केली पाहिजे, असे त्या पुस्तकांत लिहिलेले आहे. पाइल ती शक्ती शोधतो, एका बंडखोर सेनानीच्या रूपाने ती त्याला सापडते, आणि तो तिला स्फोटके पुरवतो. सायगावच्या भर चौकात स्फोट होतो. ज्या लष्करी संचलनासाठी तो योजलेला होता ते रद्द झाले होते. चौकात होत्या बाजाराला आलेल्या स्त्रिया आणि मुले. अमेरिकन स्त्रियांना तेवढा तेथे न थांबण्याचा इशारा आधीच मिळालेला होता. पाइलच्या बुटाला रक्त लागते, आणि मंत्र्याच्या भेटीआधी बूट स्वच्छ करून घेतले पाहिजेत असे त्याच्या मनात येते.

इंग्रजीतील 'इनोसन्स' हा शब्द या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे, आणि मराठीत तो आणू पाहणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. इंग्रजीत तो एकाच वेळी 'ज्याने पाप केले नाही तो' आणि 'ज्याला ठाऊक नाही तो' असे दोन्ही अर्थ वाहतो. मराठीत 'निष्पाप' आणि 'अजाण' असे दोन निराळे शब्द आहेत, आणि भाषांतरकाराला प्रत्येक वाक्यात त्यांतला एक उचलावा लागतो. उचलणे म्हणजे निवाडा देणे. पाइल अजाण आहे असे म्हटले तर त्याचा गुन्हा हलका होतो. निष्पाप म्हटले तर चौकातल्या प्रेतांचा अपमान होतो. ग्रीन यांनी इंग्रजीतील या संदिग्धतेचा पुरेपूर उपयोग केला आहे. आपल्या भाषेने ती सोय ठेवलेली नाही, आणि ही मराठीची उणीव आहे असे मानण्याचेही कारण नाही. अजाण असणे आणि निष्पाप असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हेच तर ती कादंबरी सांगते.

या कादंबरीवर १९५८ साली जोसेफ मॅन्कीविझ यांनी जो चित्रपट काढला त्याची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. चित्रपटात अमेरिकन तरुण स्फोटाच्या बाबतीत निर्दोष ठरला, दोष साम्यवाद्यांकडे गेला, आणि फसलेला माणूस म्हणून उभा राहिला तो फाउलर. बलाढ्यांच्या भोळेपणाला निरपराध ठरवण्याची हौस एवढी दांडगी असते की त्यासाठी कलाकृतीचा कणाही उलटा वळवला जातो. सारियाच्या भोळेपणाची अशी सारवासारव करायला कोणी धावले नाही.

फुल्यांनी भोळेपणावर जो उपाय सांगितला होता त्याच्याबद्दल येथे एक शंका उपस्थित होते. फुल्यांचा उपाय विद्या हा होता. पाइल तर विद्याविभूषित आहे. सेनापतींच्या कादंबरीतही इंग्रजी शिकलेल्या नव्या बाबूंची थट्टा आहे. आपल्या पणजोबाचे नाव त्यांना सांगता येत नाही, पण इंग्लंडच्या राजांची वंशावळ मात्र तोंडपाठ येते. म्हणजे विद्या भोळेपणा घालवते हे खरे, आणि विद्या नवा भोळेपणा घडवते हेही खरे. कुणबीण जोशाच्या पोथीवर विश्वासते आणि पाइल हार्डिंगच्या पुस्तकावर. दोघांनी ते पुस्तक डोळ्यांपुढच्या माणसांहून खरे मानले. फरक इतकाच की कुणबिणीचा खिसा रिकामा झाला, आणि पाइलच्या विश्वासाचे मोल ज्यांनी हार्डिंगचे नावही ऐकले नव्हते त्यांनी दिले.

फाउलरच्या रूपाने ग्रीन यांनी या प्रश्नाची दुसरी बाजूही दाखवली आहे. फाउलर कशावरच विश्वास ठेवत नाही, आपण कोणाच्या बाजूचे नाही असे बजावत राहतो, आणि शेवटी पाइलच्या हत्येला हातभार लावतो. त्यात न्यायबुद्धी किती आणि मत्सर किती हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. संशय हा भोळेपणावरचा उतारा नव्हे. आपण कशातच गुंतलेलो नाही असे मानणे, हाही मनाचा भाबडेपणाच आहे.

५

या तीन कलाकृतींच्या उजेडात आजच्या काळाकडे पाहिले तर जुनी पात्रे नव्या वेषांत ओळखू येतात. गेल्या काही वर्षांत 'डिजिटल अटक' या नावाने जी फसवणूक देशभर चालली आहे तिच्यात दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो, मागे कचेरीचा देखावा असतो, आणि तुमच्या नावावर भयंकर गुन्हा नोंदला आहे असे बजावून पैसे मागितले जातात. अशी अटक भारतीय कायद्यात नाही हे शासनाने वारंवार सांगितले आहे, तरी शिकलेसवरलेले लोक, निवृत्त अधिकारीसुद्धा तिला बळी पडले. देवीच्या ठाण्याआडचा माणूस आता पडद्याआड बसला आहे. भय आणि उपाय एकाच दुकानात मिळतात, हा जोशाचा धंद्याचा नियमही बदललेला नाही.

पण याहून भीषण प्रकार निराळा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती, मंगळवेढा भागातून आलेली होती, आणि भिक्षेवर पोट भरत होती. मुले पळवणाऱ्यांच्या टोळ्या फिरत आहेत अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. त्या वर्षी देशभर अशाच अफवांपायी आणखीही बळी गेले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली.

त्या काळात फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकीकत समीक्षकाने तरी विसरू नये. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरून एक मूल उचलून नेतात असे तिच्यात दिसत होते. ती मुळात कराचीतील एका बालसुरक्षा संस्थेने लोकजागृतीसाठी बनवलेली होती. मूळ फितीत ते मूल परत आणून सोडले जाते आणि शेवटी संस्थेचा संदेश येतो. भारतात फिरलेल्या फितीतून तो शेवट कापलेला होता. एका कलाकृतीची चौकट काढून टाकली, आणि उरलेला तुकडा लोकांनी वस्तुस्थिती म्हणून वाचला. मुलांचे रक्षण करण्यासाठी जे रचले गेले, त्याच्या पोटी माणसांचे बळी गेले.

राईनपाड्याच्या घटनेने भोळेपणाविषयीच्या सगळ्या सोप्या समजुती मोडून पडतात. तो जमाव आपल्या दृष्टीने सावध होता, मुलांच्या रक्षणासाठी जागा होता. त्याचा विश्वास आणि त्याचा संशय एकाच वेळी जागे होते, पण दोन्ही चुकीच्या जागी. दूरच्या अनोळखी आवाजावर विश्वास, आणि समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसावर संशय. फुल्यांच्या कुणबिणीप्रमाणेच हेही लोक अपत्यप्रेमामुळे फसले. पण कुणबीण एकटी होती, तिचे पैसे गेले. हे अनेक होते, आणि पाच जणांचे प्राण गेले. भोळेपणा जोवर एकट्याचा आणि दुबळ्याचा असतो तोवर त्याची कीव करता येते. संख्येने असो, सत्तेने असो, त्याच्या अंगी बळ आले की त्याचे मोल दुसरे कोणीतरी देऊ लागते, आणि त्या क्षणापासून 'आम्हांला ठाऊक नव्हते' हे उत्तर पुरेसे राहत नाही. ठाऊक करून घेणे हे मग कर्तव्य होते.

हे कर्तव्य पार पाडायचे कसे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या वाङ्मयावर टाकणे अन्यायाचे होईल. कायदा, पोलीस, शाळा, वृत्तपत्रे या सर्वांची त्यात आपापली जागा आहे. पण वाङ्मयाच्या वाचनातून एक सवय लागते आणि तिला दुसरा पर्याय नाही. हे कोण बोलत आहे, कोठून बोलत आहे, आणि यातले काय कापले गेले आहे, असे विचारण्याची ती सवय. विदूषकाचा टोमणा ऐकणारा प्रेक्षक ते विचारतो, मंगराजाची स्तुती वाचणारा वाचक ते विचारतो, 'निष्पाप' की 'अजाण' या पेचात पडलेला भाषांतरकारही तेच विचारत असतो. फुल्यांनी ज्या विद्येवर भरवसा ठेवला ती बहुधा हीच होती. अक्षरओळख ही तिची केवळ पहिली पायरी, आणि पाइल त्या पायरीवरच उभा राहिला.

या प्रश्नाच्या जोडीला मात्र आणखी एक गोष्ट हवी, नाहीतर वाचक फाउलर होतो. आवाजाची पारख करणाऱ्याने समोरच्या माणसाचा चेहराही पाहिला पाहिजे. सारिया मंगराजाच्या घरामागे उपाशी पडली होती तेव्हा गावाला सर्व ठाऊक होते. राईनपाड्याला आलेली पाच माणसे कोण आहेत हे कळायला त्यांच्याशी चार शब्द बोलणे पुरेसे होते. भोळेपणाचे मोल कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता, आणि तोच त्या दिवशी कोणी धरला नाही.